देवाचा कौल आणि विमलताईंचं राहिलेलं भाषण

मंडळी, नमस्कार.

बसा, बसा. मागे ज्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत त्यांनी भिंतीला टेका. गर्दी झालीय आज. लेस्टरमधली आपली झाडून सगळी माणसं आहेत, काही इल्फर्डहून आलीत, आणि विमलताईंची नात अनया कार्डिफहून हॉस्पिटलची ड्यूटी बदलून आलीय. समोर फोटो आहे. हार खऱ्या फुलांचा आहे. समई मात्र बॅटरीची, कारण या हॉलच्या फायर अलार्मला कुणाचं दुःख कळत नाही.

बोलणं अवघड आहे हो. घशात दोन आवंढे आहेत. एक दुःखाचा, एक रागाचा. दुःखाचा गिळता येतो. गेली कित्येक वर्षं गिळतोच आहोत, या वयात तेवढा एकच व्यायाम होतो. पण रागाचा गिळवत नाही. तेव्हा आधीच सांगतो, मी आज सांत्वन करायला उभा राहिलेलो नाही. मी उसनं फेडायला उभा राहिलोय.

मला तुम्ही ओळखता. मी दत्तोबा. आधी पायमोजे विणायच्या फॅक्टरीत मशीनवर, मग रिटायर होईपर्यंत बसवर. शाळा सातवी पास. पुढची सगळी शाळा विमलताईंच्या स्वयंपाकघरात. त्या इथल्या इंग्रजी शाळेत इतिहास शिकवायच्या आणि रविवारी मला. फी म्हणून मी त्यांची बाग खुरपायचो.

आत्ता माझ्या आधी भाऊसाहेब बोलले. आपल्या मंडळाचे अध्यक्ष. मोठे सर्जन होते. ते म्हणाले, "विमलताई मला मुलीसारख्या होत्या." भाऊसाहेब, त्या तुमच्याहून दोन वर्षांनी मोठ्या होत्या हो!

हसू नका. हसायचं तेव्हा हसलात, म्हणून तर हे सगळं झालं.

नाही, नाही, माइक नको मला. राहू द्या तिकडेच. माइकची वायर कुणाच्या पायापाशी असते ते मला ठाऊक आहे. मी दोनशे मशिनांच्या खडखडाटात पलीकडच्या टोकाच्या माणसाला चहा विचारलेला माणूस आहे. माझा आवाज बंद करायचा तर मलाच बंद करावं लागेल.

अनयाला आणि तिच्या वयाच्या पोरांना माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गेल्या माघी गणपतीच्या आधी, याच हॉलमध्ये, विमलताईंचं व्याख्यान होतं. विषय त्यांनीच निवडला होता. तीनचारशे वर्षांपूर्वी युरोपात राजे म्हणायचे, सगळी सत्ता माझी, मला विचारणारा कुणी नाही. आणि मोठे मोठे शहाणे लोक त्या राजांची बाजू घेऊन लिहायचे. ते काय म्हणायचे, कसं पटवायचे, एवढाच विषय. मला आधी कळेना. मी म्हटलं, "ताई, आपली माणसं संध्याकाळी बटाटेवडा खायला येतात. त्यांना राजा कशाला?"

त्या म्हणाल्या, "दत्तोबा, राजा मेला तरी युक्तिवाद मरत नाहीत. ते भाड्याने राहायला दुसऱ्याच्या घरी जातात."

आणि एक अट घातली स्वतःलाच. राजाच्या बाजूने बोलायचं. मुद्दाम. टिंगल करायची नाही. शाळेतही पोरांना तसंच करायला लावायच्या. जो मुलगा राजाला शिव्या घालायचा त्याला म्हणायच्या, "ऊठ, आता तू राजाचा वकील." मला म्हणाल्या होत्या, "ज्याच्याशी भांडायचंय त्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. मग तो कुठे पळणार?" बाईंचा हा सूड. साखरेत घोळलेला.

तर त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. निळी साडी होती. पहिली गोष्ट सांगितली देवाची.

राजाचे पाठीराखे म्हणायचे, राजाला प्रजेने नेमलेलं नाही, देवाने नेमलंय. तो देवाचा इथला मुखत्यार. राज्यावर बसताना त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावायचे. फ्रान्सात तर म्हणे ते तेल पक्ष्याने आकाशातून आणलेलं. मग अशा माणसाला नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं. आणि राजा दुष्ट निघाला तर? तर तीही देवाचीच इच्छा. तुमच्या पापांची शिक्षा. रडा, प्रार्थना करा, पण हात उचलायचा नाही. म्हणजे बघा, राजा चांगला तरी देवाचा, वाईट तरी देवाचाच. छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तुम्ही हरलात.

मंडळी, त्या हे बोलत होत्या तेव्हा तुमच्यातल्या कितीजणांनी मान वळवून आपल्या गणपतीच्या कोपऱ्याकडे पाहिलं? मी पाहिलं तुम्हाला बघताना. कारण आपले अध्यक्ष कसे होतात? मतं टाकून? छे. दर वर्षी माघी गणपतीला सभा होते. गुरुजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवतात, कोकणातल्या देवळात लावतात तसा कौल. डावी आधी पडली तर नाही, उजवी पडली तर होय. प्रश्न एकच, भाऊसाहेबांनी पुढे चालू ठेवावं का? आणि दर वर्षी उजवी पाकळी पडते. दर वर्षी! बाप्पाने एकदासुद्धा दुसरा विचार केला नाही.

त्या पाकळीवर मी परत येतो. ती विसरू नका.

मग ताईंनी दुसरी गोष्ट सांगितली, बापाची. इंग्लंडात एकाने लिहून ठेवलं की जगातला पहिला माणूस हाच पहिला बाप आणि तोच पहिला राजा. त्याची सत्ता बापाकडून मुलाकडे उतरत आली. राजा म्हणजे सगळ्या देशाचा बाप. आणि बापाला का कुणी निवडून देतं? पाळण्यातलं पोर का सभा भरवतं? पटतं की नाही? ताईंनी इतकं छान सांगितलं की मलाही क्षणभर माझे वडील आठवले. आणि इतक्यात पुढच्या रांगेतून भाऊसाहेबच म्हणाले, कौतुकाने म्हणाले हं, "अगदी बरोबर. मी तरी तुम्हा सगळ्यांकडे मुलांसारखंच बघतो."

तेव्हा पहिला हशा पडला.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मुलं मोठी होतात, एवढी एकच अडचण असते या युक्तिवादात."

तिसरी गोष्ट कायद्याची. सत्ता वाटता येत नाही. आपण नाही का म्हणत, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत? तेच. त्यांचे पंडित म्हणायचे, जो कायदा करतो तो कायद्याच्या वर असलाच पाहिजे. आपल्याच दोरीने आपलेच हात कोण बांधून घेईल? पण म्हणजे राजा मनाला येईल ते करेल असं नव्हे हं, असंही म्हणायचे. देवाचा धाक आहे की त्याला! जाब द्यायचाच आहे. फक्त इथे नाही, वर गेल्यावर.

आणि कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "मंडळाची घटना मीच लिहिली, ती मला कशी लागू होईल?" भाऊसाहेबांचंच वाक्य, भाऊसाहेबांच्याच आवाजात. कोण होतं ते मी सांगणार नाही. पण नलूवहिनी, तुमची नक्कल उत्तम होती.

मग चौथी गोष्ट. राज्य म्हणजे शरीर. राजा म्हणजे डोकं. हात काम करतो, पाय चालतो, पोट पचवतं, पण हुकूम डोक्याचा. पाय कधी डोक्याला चाल म्हणतो का? डोकं काढलं तर शरीर राहील का? ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं पटवून सांगणारं पुस्तक इथल्या एका राजाने स्वतः लिहिलं. त्याच्याच मुलाचं डोकं पुढे लंडनमध्ये भर रस्त्यात उडवलं. शरीर काही दिवस घाबरलं. मग चालायला लागलं."

हॉल फुटला हसून. लोक रडेपर्यंत हसले. एक सर्जन समोर बसलेले, आणि डोक्याशिवाय शरीर चालतं असं बाई सांगतायत!

आणि माइक बंद पडला.

बिघडला नाही. बंद केला गेला. वायर भाऊसाहेबांच्या पायापाशी होती. भाऊसाहेब उठले. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आरतीला भाऊसाहेब उठल्याशिवाय कुणी उठत नाही, जेवताना भाऊसाहेबांनी घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. आणि भाऊसाहेब उठले की सगळे उठतात. राजा बोले, दळ हाले. हसणारी माणसं हसता हसता उभी राहिली, खुर्च्या सरकल्या, आणि विमलताई तोंड हलवत तिथे, त्या तिथे, आज फोटो ठेवलाय तिथेच उभ्या राहिल्या. एक मुद्दा राहिला होता. पाचवा. त्या म्हणत होत्या, "अहो, शेवटचं राहिलंय." पहिल्या रांगेतल्यांना ऐकू गेलं. पहिली रांग वडे घ्यायला गेली.

घरी जाईपर्यंत त्या मोबाइलवरच्या मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर होत्या. ग्रुपचा अ‍ॅडमिन एकटा. कारण न लगे, सभा न लगे. बोट लावलं, बाई गेली.

आता तुम्ही म्हणाल, ग्रुपमधून काढलं, त्यात एवढं काय? दत्तोबा, पोरखेळ आहे हा. कुणीतरी खरंच म्हणालं होतं मला असं. अहो, आपल्या वयाच्या माणसांना या देशात गाव कुठलं? तो ग्रुपच आपलं गाव. संक्रांतीचं हळदीकुंकू कधी, कुणाकडे सत्यनारायण, कुणाला लिफ्ट हवी, कोण आजारी, कोण गेलं, सगळं तिथे. ग्रुपमधून काढलं म्हणजे गावाबाहेर काढलं. ज्या बाईने वर्षानुवर्षं तुमच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या केल्या, तिला हळदीकुंकू झाल्याचं दुकानात कळलं. बेलग्रेव्ह रोडला भाजी घेताना. कुणाच्या तरी पिशवीत वाण दिसलं म्हणून.

पुढे त्या आजारी पडल्या. मी ग्रुपवर लिहिलं, "विमलताईंना बरं नाही, किमो चालू आहे, जमेल त्याने भेटून या." थोड्या वेळाने बघतो तर माझा मेसेज नाही. तिथे ओळ होती, अ‍ॅडमिनने हा मेसेज काढून टाकला. मी परत लिहिलं. परत काढला. मग भाऊसाहेबांचा फोन. त्यांचं बोलणं अजून कानात आहे.

"दत्तोबा, ग्रुप मंडळाच्या कामासाठी आहे. त्या सभासद नाहीत."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, माणूस मरायला टेकलंय."

"नियम सगळ्यांना सारखे."

नियम सगळ्यांना सारखे! ज्यांना घटना लागू होत नाही ते मला सांगतायत.

मी फोन केले ज्यांचे नंबर होते त्यांना. तोवर ताईंना हॉस्पिसमध्ये हलवलं होतं, शेवटचे दिवस काढायला. चारदोन जणी तिथे गेल्या. कशा गेल्या? कोटाची टोपी पुढे ओढून. चोरी करायला गेल्यासारख्या. आणि जाताना म्हणाल्या, "ताई, आम्ही आलो होतो ते कुठे बोलू नका हं." विमलताईंनी मला हसत सांगितलं ते. "दत्तोबा," म्हणाल्या, "आता मला कळलं, तेव्हाचे लोक राजाविरुद्ध पुस्तकं नाव न घालता का छापायचे."

आणि आज? आज त्याच भाऊसाहेबांनी ही शोकसभा बोलावली. त्याच ग्रुपवर. हार त्यांनी घातला, पहिलं भाषण त्यांनी केलं, आणि जिवंतपणी जिचं नाव पुसून टाकलं ती मेल्यावर मुलगी झाली! अनयाने सकाळी मला फोन केला होता. या पोरीचं मराठी मोडकं आहे, पण सरळ आहे. म्हणाली, "दत्तोआजोबा, तो माणूस का बोलणार? आजीचा सभा आहे ना? हूज परमिशन?" मी म्हटलं, "बाळ, परवानगी देणारा आणि घेणारा एकच आहे." ती म्हणाली, "दॅट्स मेंटल." शुद्ध वेडेपणा, म्हणे.

आपल्यात म्हण आहे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. माझं म्हणाल तर मला म्हातारी मेल्याचंही दुःख आहे. भरपूर आहे. पण काळाला आज सोकावू देणार नाही.

नाही, मधुकरराव, मी बसणार नाही. तुम्ही खुणा करताय त्या मला दिसतायत. माझी नजर बसवाल्याची आहे, मागच्या सीटवरचं पोर काय करतं तेही दिसायचं.

आता ती पाकळी.

हॉस्पिसमध्ये मी ताईंना विचारलं, "ताई, पण कौल तर खरा पडतो ना? मी स्वतः पाहतो. गुरुजी प्रामाणिक आहेत."

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "दत्तोबा, मूर्ती कुठे बसवतात?"

"कोपऱ्यात, खिडकीखाली."

"शेजारी काय आहे?"

"काही नाही. रेडिएटर आहे."

"मूर्तीच्या कुठल्या हाताला?"

मंडळी, मी मनातल्या मनात हॉलमध्ये उभा राहिलो. गणपतीकडे तोंड केलं. मग गणपतीच्या जागी बसलो. बाप्पा, क्षमा कर. रेडिएटर उजव्या हाताला.

माघ महिना. बाहेर बर्फ. हीटिंग फुल. ओली पाकळी कुठली आधी वाळणार? कुठली आधी सुटणार? ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "तो देवाचा कौल नाही. तो गॅस कंपनीचा आहे." आणि इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

बघा, आता सगळे वळून कोपऱ्याकडे बघतायत. बघा, बघा. तो तिथेच आहे रेडिएटर. भाऊसाहेब, तुम्हीही बघा. मला नाही वाटत तुम्हाला हे ठाऊक होतं. मी तुम्हाला लबाड म्हणत नाही. तुम्ही मनापासून मानत होतात की देवाने तुम्हाला नेमलंय. तेच तर! ते तेव्हाचे पंडितही लबाड नव्हते हो. बरेचसे मनापासून लिहीत होते. लबाड माणूस निदान कधी कधी शरमतो. स्वतःला देवाने नेमलंय असं ज्याला खरंच वाटतं तो मरणाऱ्या बाईचं नाव पुसतो आणि शांत झोपतो.

आणि ऋणही मान्य करतो. सगळ्यांसमोर करतो, कारण ताईंची अट आहे, समोरच्याची बाजू नीट मांडायची. माझ्या बायकोचं ऑपरेशन याच भाऊसाहेबांनी केलं. पुढे वीस वर्षं जगली ती. यांच्या हाताला गुण होता. तेव्हाच्या राजांबद्दलही लोक असंच मानायचे. राजाने नुसता हात लावला की गळ्यातल्या गंडमाळा बऱ्या होतात म्हणे. लांबून लांबून लोक रांगा लावायचे. आपले लोक नाही का भाऊसाहेबांना आरतीनंतर गुडघे दाखवतात? दाखवा. गुण होता. पण गुण हाताचा, खुर्चीचा नाही. हात रिटायर झाला, खुर्ची झाली नाही.

आता पाचवा मुद्दा. राहिलेला. ज्याच्यासाठी मी उभा आहे. ताईंनी माझा हात धरून सांगितलं, "दत्तोबा, शेवटचं तेवढं सांगून टाका. टिंगल न करता." मी म्हटलं, "मला जमेल का?" म्हणाल्या, "तुम्हाला समजलं म्हणजे सगळ्यांना समजतं." मी म्हटलं, "म्हणजे मी ढ." म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माणूस."

तर ऐका.

त्या सगळ्या पंडितांत एक वेगळा होता. तो म्हणाला, देवबीव बाजूला ठेवा, बापही बाजूला ठेवा. राजाला सत्ता आपणच दिली. का दिली? भीतीने. त्या काळी युरोपात धर्मावरून शेजाऱ्याने शेजाऱ्याला कापलं होतं. गावं जाळली होती. इंग्लंडात घराघरात फूट होती, भाऊ भावावर बंदूक रोखून होता. हा पंडित स्वतः जिवाच्या भीतीने पळून परदेशात राहिला होता. तो म्हणाला, वर कुणी धाक घालणारा नसेल तर माणसं एकमेकांना खातात. बळी तो कान पिळी. म्हणून सगळ्यांनी मिळून आपापला हट्ट एका माणसाच्या ओटीत टाकला आणि म्हटलं, बाबा, तू सांभाळ, आम्ही ऐकू. राजा वाईट असेल, पण राजा नसणं त्याहून वाईट.

हसता येतं का याला? नाही येत. कारण हे खरं आहे.

आठवा ना. भाऊसाहेब येण्याआधी मंडळ फुटलं होतं. एका वर्षी एकाच रस्त्यावर आपले दोन गणपती बसले. याच्या ढोलावर त्याचा ताशा. खुर्च्या फेकल्या गेल्या. श्रीखंडाचं पातेलं पालथं झालं, आणि पोलिसांनी बूट भरलेले बघून विचारलं, व्हॉट इज दिस? ठरलेलं लग्न मोडलं, सख्खी भावंडं बोलेनाशी झाली, काही अजून बोलत नाहीत, आजही दोन टोकांना बसलीत. त्या भीतीतून आपण म्हटलं, कुणीतरी एक असू दे. मोठा असू दे. ज्याच्यापुढे सगळे गप्प बसतील असा. आणि तो आपल्याला मिळाला. पाकळी नंतर आली, मंडळी. भीती आधी होती.

भाऊसाहेब नेहमी म्हणतात ना, "मी गेलो तर मंडळ फुटेल"? हाच तो युक्तिवाद. सगळ्यांत जुना नसेल, पण सगळ्यांत बळकट.

ताई म्हणाल्या, "आता इथे थांबा, पाणी प्या, आणि मग पुढचं सांगा."

...

पुढचं असं. तो पंडित म्हणाला होता की एकदा दिलेली सत्ता परत मागता येत नाही. राजाने काहीही केलं तरी. पण त्यानेच एक फट ठेवली. आपण राजाचं ऐकतो कशासाठी? त्याने राखावं म्हणून. मग जोवर तो राखतो, तोवर ऐकायचं. ज्याला तो राखत नाही, त्याच्यावर त्याचा हुकूमही राहत नाही. राजाची बाजू घेणारा माणूस हे म्हणतोय बरं का! राजाचा वकील!

आता मी विचारतो. विमलताईंना कुणी राखलं?

बोला ना. आपण आपला हट्ट ओटीत टाकला तो कशासाठी? आपलं माणूस एकटं पडू नये म्हणून. आणि आपलं माणूस हॉस्पिसच्या खोलीत दाराकडे कान लावून पडलं होतं. पावलं वाजली की मान वळवायच्या. चहाच्या ट्रॉलीवाली असायची. मग म्हणायच्या, "दत्तोबा, बहुतेक बस चुकली असेल लोकांची." मी बस चालवलीय हो आयुष्यभर. कुणाचीही बस चुकली नव्हती.

ज्याने राखलं नाही त्याचा करार संपला. हे मी नाही म्हणत. त्यांचाच वकील म्हणतो. एवढाच ताईंचा पाचवा मुद्दा होता. माइक चालू राहिला असता तर दोन मिनिटांत संपला असता, आणि भाऊसाहेब, कदाचित तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. कोंबडं झाकून ठेवलंत तुम्ही. उजाडायचं राहिलं का?

आता माझा सूड.

काही जणांना वाटत असेल, दत्तोबा म्हणेल, काढा यांना मंडळातून. ग्रुपमधून उडवा. गावाबाहेर करा. माझ्याही मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू, किती रात्री त्यावरच झोप लागली. पण तो तर त्यांचाच खेळ झाला. आणि आपल्या या गावात कारपार्कखाली खणताना एका जुन्या राजाची हाडं सापडली, सगळ्यांना ठाऊक आहे. शेकडो वर्षं तो तिथे पडून होता आणि लोक त्याच्या डोक्यावर गाड्या लावत होते. राजांना काढायला माणसाने घाई करावी लागत नाही, काळ काढतोच.

माझा सूड वेगळा आहे. येत्या रविवारी माघी गणपतीची सभा आहे. पाकळी लावायची नाही. बाप्पाला मोदक द्यायचा, नमस्कार करायचा, आणि त्याला आपल्या भांडणातून मोकळं करायचं. मग हात वर करायचे. ज्याला अध्यक्ष व्हायचंय त्याने उभं राहायचं. भाऊसाहेब, तुम्हीही उभे राहा. जरूर राहा. तुम्हाला एक मत असेल. नलूवहिनींना एक. मधुकररावांना एक. मला एक. सातवी पासवाल्याला अख्खं एक.

आणि सांगू? मी कदाचित तुम्हालाच देईन. तुम्ही हॉल वेळेवर बुक करता, पातेली परत करता, मला ठाऊक आहे. देईन मी मत. म्हणजे मग तुम्ही त्या खुर्चीत बसलात तरी दर वेळी तुम्हाला आठवेल की इथे बाप्पाने बसवलेलं नाही. एका बस ड्रायव्हरने बसवलंय. आणि तो पुढच्या वर्षी परत विचारणार आहे. भाऊसाहेब, याहून मोठा सूड मला सुचला नाही.

अनया, तुझी आजी राजाच्या बाजूने बोलता बोलता गेली ग. इतकं चांगलं बोलली की राजाला राहवलं नाही.

विमलताई, तुमचं भाषण संपलं. मध्ये जरा तिखट पडलं असेल. तुम्ही असतात तर चष्मा वर करून म्हणाला असतात, "दत्तोबा, टिंगल नको म्हटलं होतं." थोडी झाली. माफ करा. बाग मी खुरपून ठेवलीय.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. आपल्या मंडळाची रीत आहे, भाऊसाहेब उठले की उठायचं. ही एक रीत आज विमलताईंसाठी मोडा. कुणाकडे बघू नका. त्यांच्या फोटोकडे बघा आणि आपापलं उठा. भाऊसाहेब, तुम्हीही उठा, मला मनापासून वाटतं तुम्ही उठावं. फक्त जरा थांबा. आज आमच्या मागून.

हं... नलूवहिनी उठल्या.

हळू, काठी धरा. मागचे उठले. मधुकरराव, तुम्हीसुद्धा? बरं वाटलं.

विमलताई, बघताय ना? तुमच्यासाठी सगळा वर्ग उभा आहे.

आता कुणी बोलू नका. मीही बोलत नाही.